क्रूड आणि नॅचरल गॅसचे ऑप्शन विकण्याची माझी पद्धत: मांडतो आहे, चुका दाखवा

हरिपूररोड (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. सांगलीत हरिपूर रस्त्याला राहतो. घरचा धंदा हळदीच्या अडतीचा, तो आता भाऊ बघतो. मी 2019 च्या अखेरीपासून एमसीएक्सवर, म्हणजे मालाच्या वायदेबाजारात, कच्च्या तेलाचे (क्रूडचे) ऑप्शन विकतो, गॅसचे अगदी मोजके. नफा-तोट्याचे स्क्रीनशॉट टाकणार नाही. काय विकतो, कधी विकतो आणि कधी हात लावत नाही, तेवढं सांगतो.

आमच्या बाजारात ऑप्शन हा शब्द नवा असला तरी व्यवहार नवा नाही. आजोबांच्या तोंडी 'तेजी' आणि 'मंदी' हे शब्द असायचे. तेजी म्हणजे आजचा कॉल, मंदी म्हणजे पुट. कॉल हा ठरलेल्या भावाला घेण्याचा हक्क, पुट हा विकण्याचा; तो ठरलेला भाव म्हणजे स्ट्राइक, आणि हक्काची किंमत म्हणजे प्रीमियम, ती विकणाऱ्याला मिळते. 1952 च्या वायदे कायद्याने मालावरचे असले सौदे बंद केले, तरी शब्द राहिले. ते सौदे राजरोस परत यायला 2017 उजाडलं. आधी सोन्यावर आले, मग मे 2018 मध्ये क्रूडवर, आणि जानेवारी 2022 मध्ये नॅचरल गॅसवर.

आता पद्धत. क्रूडचा मोठा लॉट 100 बॅरलचा, म्हणजे प्रीमियममधला एक रुपया म्हणजे शंभर रुपये. समजा फ्युचर, म्हणजे क्रूडचा वायदा, 5,600 ला आहे आणि एक्स्पायरीला, म्हणजे ऑप्शनची मुदत संपायला, पस्तीस दिवस आहेत. मी 6,300 चा कॉल 38 ला विकतो आणि 4,900 चा पुट 40 ला. हातात 78 आले. लगेच, त्याच बैठकीत, 6,600 चा कॉल 13 ला आणि 4,600 चा पुट 15 ला विकत घेतो. गेले 28. उरले 50, म्हणजे लॉटमागे 5,000 रुपये. भाव कुठेही गेला तरी माझं जास्तीत जास्त नुकसान 300 वजा 50, म्हणजे 250 रुपये. लॉटमागे 25,000. हा आकडा मला सौदा करताना माहीत असतो, आणि लॉट किती करायचे हे मी त्या आकड्यावरून ठरवतो, मार्जिनवरून (सौद्यासाठी अडकणाऱ्या अनामतीवरून) नाही. सगळे लॉट पूर्ण तोट्यात गेले तरी भांडवलाच्या आठ टक्क्यांवर जायला नको, हा माझा हिशोब.

पन्नासातले तीस मिळाले की सौदा कापतो. शेवटच्या आठवड्यात काहीही उघडं ठेवत नाही. आपल्याकडे क्रूडचा ऑप्शन संपला की पैशात न मिटता फ्युचरमध्ये उतरतो. पुट विकलेला असेल आणि तो आत गेला, म्हणजे भाव स्ट्राइकच्या खाली आला, तर दुसऱ्या दिवशी तुमच्या नावावर क्रूडची खरेदी उभी असते आणि तिचं पूर्ण मार्जिन भरावं लागतं. पाच हजारांसाठी हे कोणी अंगावर घेऊ नये.

हे सगळं मला कृष्णेवरच्या आयर्विन पुलाने शिकवलं. 2005 चा पूर आला तेव्हा मी कॉलेजात होतो. त्यानंतर आमच्या भागात ज्यांनी ज्यांनी घर बांधलं, त्यांनी त्या पुराची खूण बघून जोतं उंच केलं. खुणेच्या वर दोन फूट, म्हणजे निर्धास्त. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णा सत्तावन्न फुटांच्या वर गेली आणि ती सगळी जोती पाण्याखाली गेली. धोक्याची पातळी 45 ची, आणि 2005 चं पाणी 54 च्या आतच थांबलं होतं. जोती बांधणारे बेफिकीर नव्हते, त्यांनी माहिती असलेला सर्वात मोठा पूर धरला होता. ऑप्शन विकणारा नेमकं हेच करतो. मागच्या पाच वर्षांचा चार्ट काढतो, सर्वात मोठी उडी बघतो आणि तिच्या पलीकडचा स्ट्राइक विकतो. म्हणून मी लांबचा ऑप्शन विकत घेतो. तो न पाहिलेल्या पुरासाठी.

चुका काढा, मनापासून.

विटा_गलाई

राम राम दादा. मूळ विट्याचा, आता कोईमतूरला. घरचं गलाईचं, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याचं काम, त्यामुळे एमसीएक्स रोजचाच. क्रूडचे ऑप्शन मी तीन वर्षं विकतोय, आणि तुमच्या हेजबद्दल, म्हणजे तो लांबचा ऑप्शन विकत घेण्याबद्दल, माझं मत वेगळं आहे.

78 मधले 28 तुम्ही दुसऱ्याला देऊन टाकता. म्हणजे जवळजवळ छत्तीस टक्के कमाई गेली. दर महिन्याला, वर्षभर. मी हेज घेत नाही. भांडवलाच्या पाव भागाइतकंच मार्जिन वापरतो आणि प्रीमियम दुप्पट झाला की कापतो. 38 ला विकला असेल तर 76 ला बाहेर, कोणताही विचार न करता. दहा महिने मिळतं, दोन महिने जातं, वर्षाअखेर माझ्याकडे तुमच्यापेक्षा जास्त उरतं.

शिवाय दूरच्या स्ट्राइकला समोर माणूस कुठे असतो? बिड (घेणाऱ्याचा भाव) 6, आस्क (विकणाऱ्याचा) 19, असा भाव बघून हेज घ्यायचा म्हणजे दुकानदाराला दोनदा नफा देणं आहे.

हरिपूररोड (धागाकर्ता)

गलाईभाऊ, बिड-आस्कचा मुद्दा खरा आहे, त्यावर नंतर येतो. आधी 'दुप्पट झाला की कापतो' याबद्दल.

आपला बाजार रात्री साडेअकराला बंद होतो, अमेरिकेत घड्याळं मागे गेली की पाच कमी बाराला. न्यूयॉर्कचा मात्र जवळजवळ तेवीस तास चालू असतो. म्हणजे रोज साधारण नऊ तास असे आहेत की भाव हलतो आहे आणि तुम्हाला कापायची सोयच नाही. तुमचा स्टॉपलॉस त्या नऊ तासांत फक्त कागदावर असतो.

13 जून 2025, शुक्रवार. आपल्याकडे पहाटे साडेपाचच्या सुमारास इस्रायलने इराणवर हल्ला केला. आपण उठून चहा घेईपर्यंत क्रूड दहा टक्क्यांच्या वर उडालेलं होतं. माझा जुलैचा 5,900 चा कॉल विकलेला, 6,200 चा घेतलेला. नऊला बाजार उघडला तो थेट वरच. माझ्या ओळखीतल्या एकाने तोच 5,900 चा कॉल हेज न घेता विकला होता. त्याचा स्टॉपलॉस दुपटीला लावलेला, आणि सौदा कापला गेला तो सहापटीच्याही वर, कारण मधल्या भावांना बाजार थांबलाच नाही. तो सकाळी 9 वाजून 4 मिनिटांनी बाहेर पडला. मी काहीच केलं नाही. मला शक्य होतं म्हणून नाही केलं: तोटा किती होऊ शकतो हे ठरलेलं होतं, मार्जिन फारसं वाढलं नाही, ब्रोकरचा फोन आला नाही. दहा दिवसांनी, 23 जूनला, क्रूड एका दिवसात सात टक्के पडलं आणि दुसऱ्या दिवशी आणखी पडलं. माझा 5,900 चा कॉल शेवटी शून्य झाला.

माझा अंदाज बरोबर होता असं नाही. दोघांचा अंदाज एकच होता. फरक इतकाच की मला थांबता आलं आणि त्याला नाही. ते 28 रुपये मी थांबण्यासाठी देतो.

विटा_गलाई

त्या दिवशी मी पण होतो दादा. दोन लॉट होते. 74 ला कापायचे होते, 190 च्या पुढे गेले. लिहिलं नव्हतं, आता लिहितो.

तरीही पूर्ण पटलं नाही. दोन लॉट होते म्हणून वाचलो, हेही खरं आहे ना? लॉट कमी ठेवणं हासुद्धा हेजच आहे.

कराड_अभियंता

दोघांचंही अर्धं अर्धं बरोबर आहे असं मला वाटतं. आकड्यांत बघू.

धागाकर्त्यांच्या उदाहरणात विकलेल्या स्ट्राइकचा डेल्टा, म्हणजे ढोबळमानाने तो आत जाण्याची टक्केवारी, साधारण 12 आहे, दोन्ही बाजूंना. म्हणजे बाजाराच्या स्वतःच्या अंदाजाने एक्स्पायरीला भाव या दोन भिंतींच्या बाहेर असण्याची शक्यता चोवीस टक्क्यांच्या आसपास. आणि मधल्या काळात भिंतीला नुसता हात लावून परत येण्याची शक्यता त्याच्या जवळजवळ दुप्पट. हा आकडा नवख्यांनी लक्षात ठेवावा. पस्तीस दिवसांत निम्म्या वेळा तुम्हाला घाम फुटणार आहे, सौदा शेवटी नफ्यात गेला तरी.

5,000 मिळवायला 25,000 लावले. प्रत्येक फटका पूर्ण बसला असं धरलं तर सहातून पाच वेळा जिंकल्यावर हिशोब शून्यावर येतो. प्रत्यक्षात प्रत्येक फटका पूर्ण बसत नाही, म्हणून थोडी सवलत आहे. पण मुद्दा असा की नुसती 'लांबचं विकलं' यात कमाई नाही. लांबचं स्वस्त असतं, त्याची किंमत बाजाराने आधीच लावलेली असते. विकणाऱ्याची कमाई एकाच फटीतून येते: ऑप्शनच्या भावात धरलेली चढउतार, म्हणजे आयव्ही, ही नंतर प्रत्यक्ष झालेल्या चढउतारापेक्षा जास्त निघाली तर. क्रूडमध्ये ती बऱ्याचदा जास्त निघते, कारण तेल कंपन्या आणि विमान कंपन्यांना विमा हवाच असतो आणि ते त्याची किंमत देतात. पण ज्या महिन्यांत उलट होतं, त्या महिन्यांत खूप उलट होतं.

म्हणून माझा एक बदल सुचवतो. दर महिन्याला नेमाने विकू नका. आयव्ही स्वतःच्या मागच्या वर्षाच्या तुलनेत खाली असेल तेव्हा बसून राहा. शांत बाजारात 78 चे 45 मिळतात आणि भिंती तेवढ्याच दूर असतात, धोका मात्र तोच.

आणखी एक. तेलात साधारणपणे खालचे पुट महाग असतात, गॅसमध्ये हिवाळ्यातले कॉल महाग. महाग आहे म्हणून विकायचा मोह होतो. ते महाग का आहे हे आधी विचारा.

तासगावची_बाग

मी ताई आहे, द्राक्षबाग आमची, बेदाणा करतो. गॅसचं नाव निघालं म्हणून लिहिते, नाहीतर वाचून गप्प बसणार होते.

2024 च्या डिसेंबरात मी एका सशुल्क ग्रुपमध्ये होते. नाव नको. ते लोक सांगायचे, गॅस एवढा वर जातच नाही, कॉल विका आणि झोपा. मी 340 चा कॉल 6 रुपयांना विकला, पाच लॉट. गॅसचा लॉट 1,250 चा, म्हणजे साडेसदतीस हजार आले. मला वाटलं फवारणीचा महिनाभराचा खर्च निघाला. शनिवार-रविवारी अमेरिकेत जानेवारीच्या थंडीचा अंदाज बदलला. सोमवारी, 30 डिसेंबरला, गॅस एका दिवसात पंधरा टक्क्यांच्या वर गेला. मी बागेत होते, फोन घरी. संध्याकाळी बघितलं तर ब्रोकरचे सात मिस्ड कॉल. 29 च्या आसपास बाहेर पडले. एक लाख चव्वेचाळीस हजार गेले. ते आधीच्या हंगामातल्या बेदाण्याच्या पट्टीचे पैसे होते. ग्रुपवर त्या रात्री कोणीच बोललं नाही, दोन दिवसांनी नवीन सौदा आला.

मला एकच विचारायचं आहे. पीकविमा देणारी कंपनी नाशिक, सोलापूर, सांगली, सगळीकडच्या हजारो बागांचा विमा घेते. गारपीट तासगावात झाली तर बाकीच्यांच्या हप्त्यांतून आमची भरपाई निघते. मी तर एकट्या बागेचा विमा विकत होते. माझ्याकडे दुसऱ्या बागाच नव्हत्या. मग हा विम्याचा धंदा कसा झाला?

हरिपूररोड (धागाकर्ता)

ताई, इतकी वर्षं या बाजारात आहे, पण हे मला कोणी असं सांगितलं नव्हतं. तुमचं म्हणणं पूर्ण बरोबर आहे. आपल्यासारख्या माणसाकडे दोन-तीन बागा असतात फार तर: क्रूड, गॅस, सोनं. आणि मोठी घटना घडली की त्या सगळ्यांवर एकाच रात्री गारा पडतात. म्हणून विमा कंपनी स्वतः पुढे पुनर्विमा घेते, तसा आपण लांबचा ऑप्शन घ्यायचा.

गॅसबद्दल सविस्तर लिहितो, कारण तुम्हाला ज्यांनी सांगितलं त्यांनी त्याचा इतिहास सांगितला नाही.

अमेरिकेत एप्रिल ते ऑक्टोबर गॅस साठवतात आणि नोव्हेंबर ते मार्च तो काढून जाळतात. भूमिगत साठा भरून हिवाळ्यात उतरले तर भाव झोपतो. साठा कमी असताना थंडी आली तर भावाला वरची कड राहत नाही, कारण घरं गरम करणं कोणी पुढे ढकलू शकत नाही. 2018 च्या हिवाळ्याच्या तोंडावर तो साठा 2005 नंतर त्या काळातला सर्वात कमी होता. तरीही फ्लोरिडातल्या टँपा इथली ऑप्शनसेलर्स डॉट कॉम ही फर्म ग्राहकांच्या पैशावर गॅसचे कॉल उघडे, म्हणजे हेज न घेता, विकत होती. तिचे प्रमुख जेम्स कॉर्डिअर हे या विषयातले जाणकार म्हणून ओळखले जायचे, वर्षानुवर्षं लोकांना ऑप्शन विकायला शिकवायचे. 14 नोव्हेंबर 2018 ला गॅस एका दिवसात अठरा टक्के वर गेला. सुमारे 290 ग्राहकांची खाती साफ झाली, अंदाजे पंधरा कोटी डॉलर. अनेकांना खात्यात होतं त्याहून जास्त देणं लागलं. कॉर्डिअर यांनी व्हिडिओ करून रडत माफी मागितली. त्या उडीच्या दुसऱ्याच दिवशी गॅस सोळा-सतरा टक्के खाली आला. पण तोपर्यंत खाती बंद झालेली होती.

हा माणूस अडाणी नव्हता. म्हणून मी ती गोष्ट विसरत नाही.

त्यामुळे माझा नियम: नोव्हेंबर ते मार्च गॅसचा कॉल उघडा विकायचा नाही, कितीही लांबचा असो, कितीही महाग असो. हेज घेऊनसुद्धा मी त्या काळात कॉल फारसे विकत नाही. पुट विकतो, आणि तेही दुसरी बाजू विकत घेऊन. खालची बाजूही सुरक्षित नाही. जून 2022 मध्ये टेक्सासच्या फ्रीपोर्ट इथल्या एलएनजी (द्रवरूप गॅस) प्रकल्पात आग लागली. अमेरिकेच्या एलएनजी निर्यातीचा मोठा हिस्सा तिथून जायचा. तो बंद झाल्यावर गॅस देशातच अडकला, आणि दुरुस्तीला महिने लागणार हे 14 जूनला कळल्यावर भाव एका दिवसात सोळा टक्के पडला. पुट विकणाऱ्यांनी ना थंडी बघितली होती ना साठा. आग कोणाच्या तक्त्यात असते?

गुरुवारी रात्री, उन्हाळ्यात आठला आणि हिवाळ्यात नऊला, गॅसच्या साठ्याचा आकडा येतो. बुधवारी त्याच वेळेला क्रूडचा. त्या अर्ध्या तासात नवा सौदा करू नका. आकडा आल्यावर वीस मिनिटांनी आयव्ही खाली बसते तेव्हा बघा.

आणि ताई, ते गेलेले पैसे याच रस्त्याने परत आणायचा विचार करू नका. तसा विचार केला की लॉट वाढतो. माझा 2020 मध्ये वाढला होता.

माहुली_संगम

मी साताऱ्याचा, सेवानिवृत्त शिक्षक. यातलं फारसं कळत नाही, पण मुलासाठी वाचतोय. तो एमआयडीसीत नोकरीला आहे आणि म्हणतो, चार लाख बाजूला आहेत, नोकरी सोडून पूर्णवेळ हेच करतो, महिन्याला वीस हजार निघतील. आपण सगळे अनुभवी आहात. निघतील का?

शिवाय 'माझा 2020 मध्ये वाढला होता' हे आपण सोडून दिलंत. ते ऐकायला आवडेल, मुलालाही वाचायला देईन.

हरिपूररोड (धागाकर्ता)

सर, लिहितो.

2020 च्या मार्चमध्ये रशिया आणि सौदीचं बोलणं फिसकटलं, शुक्रवारी. सोमवारी, 9 मार्चला, क्रूड एका दिवसात जवळजवळ पंचवीस टक्के पडलं. माझे पुट विकलेले होते आणि हेज अर्ध्याच लॉटवर घेतला होता, पैसे वाचवायला. बरंच गेलं. मग मी ठरवलं की एवढं पडलं आहे, आता आणखी कुठे जाणार, आणि दुप्पट लॉट घेऊन आणखी खालचे पुट विकले. ते एप्रिलच्या मध्यावर आत गेले आणि फ्युचर होऊन माझ्या नावावर आले. मी ते ठेवले. लॉकडाउनमुळे तेव्हा एमसीएक्स संध्याकाळी पाचलाच बंद होत होता.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी: अमेरिकन क्रूडचा करार ओक्लाहोमातल्या कुशिंग गावच्या टाक्यांमध्ये माल देऊन मिटतो. तिथे सुमारे साडेसात कोटी बॅरलची जागा आहे, आणि त्या महिन्यात ती एकतर भरलेली होती किंवा आधीच कोणीतरी धरून ठेवलेली. आमच्या हरिपूरला हळदीची पेवं आहेत, जमिनीखालची. समजा सगळी पेवं भरली आणि तुमच्या दारात हळदीचे ट्रक उभे राहिले, माल घेतलाच पाहिजे अशी बोली झालेली, आणि ठेवायला खड्डा नाही. मग तुम्ही शेजाऱ्याला म्हणाल, पैसे देतो पण हा माल घेऊन जा. तेच झालं. 20 एप्रिल 2020 ला न्यूयॉर्कला क्रूड उणे 37.63 डॉलरवर मिटलं. आपल्याकडे तो करार उणे 2,884 रुपयांवर मिटवला गेला. संध्याकाळी पाचला बाजार बंद झाला तेव्हा भाव शून्याच्या बराच वर होता. पुढचं सगळं आपण घरात बसून बघितलं, विकायची सोय नव्हती.

ज्याच्याकडे एक लॉट होता त्याची खरेदी किंमत पूर्ण गेलीच, वर 2,88,400 रुपये द्यावे लागले. माझ्याकडे त्यातला एकच लॉट उरलेला होता. दोन मी त्या दुपारी, साडेतीनला, कापले होते. का कापले याचं काही मोठं कारण नाही, भावाने फोन करून सांगितलं की पैशाची गरज आहे. तो फोन आला नसता तर आज हा धागा मी लिहीत नसतो. त्या एका लॉटचे पैसे मी बायकोच्या नावावरची ठेव मोडून भरले. तिने विचारलं नाही, मी सांगितलं.

तेव्हापासून अर्धा हेज नाही, आणि शेवटचा आठवडा नाही.

आता मुलाचं. सर, चार लाखांवर महिन्याला वीस हजार म्हणजे महिना पाच टक्के. माझ्या हिशोबाने चार लाखांत आठ टक्क्यांची मर्यादा म्हणजे 32,000. म्हणजे एकच लॉट बसतो. तो पूर्ण यशस्वी झाला तर पाच हजार, मी कापतो त्या ठिकाणी तीन. त्यातून ब्रोकरेज, सीटीटी (कमॉडिटी व्यवहारावरचा कर), जीएसटी जातं. आणि काही महिने उणे असतात. घर यावर चालत नाही. ज्याला दर महिन्याला घरखर्च काढायचा असतो, त्याला 'आयव्ही खाली आहे, या महिन्यात बसून राहू' असं म्हणता येत नाही, आणि तिथेच तो सापडतो. नोकरी सोडायला सांगू नका. सेबीने सप्टेंबर 2024 मध्ये मांडलेला अभ्यास त्याला दाखवा: 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत शेअरबाजाराच्या एफ अँड ओमधले (फ्युचर-ऑप्शनमधले) 93 टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात होते. तो आकडा क्रूडचा नाही, पण माणसं तीच आहेत.

त्याला शिकायचंच असेल तर सहा महिने रोज रात्री वहीत सौदे लिहायला सांगा, पैसे न लावता. सकाळी नऊचा उघडण्याचा भाव त्यातच लिहायचा. मला वही लिहिणारी माणसं टिकलेली दिसली आहेत.

माहुली_संगम

मनापासून धन्यवाद. प्रिंट काढून ठेवतो. वही आजच आणतो.

विश्रामबाग_सीए

करांबद्दल कोणी बोललं नाही म्हणून थोडक्यात. मान्यताप्राप्त एक्स्चेंजवरचा, सीटीटी लागलेला कमॉडिटी ऑप्शनचा व्यवहार सट्टा धरला जात नाही, तो व्यवसायाचं उत्पन्न असतो. पगारदारांनीही त्या वर्षी आयटीआर-3 भरायचा. तोटा झाला असेल तरी मुदतीत विवरणपत्र भरा, नाहीतर तो पुढच्या वर्षांत नेता येत नाही. तासगावच्या ताईंनी शेतीचं उत्पन्न करमुक्त म्हणून विवरणपत्र भरलं नसेल तर एकदा कोणाला तरी दाखवून घ्यावं.

कराड_अभियंता

मगाशी गलाईभाऊंचा दूरच्या स्ट्राइकचा प्रश्न राहून गेला. तो खरा आहे आणि गॅसमध्ये तर फारच खरा. मी तीन गोष्टी करतो.

एक, लांबचा ऑप्शन आधी घेतो, विकतो नंतर. उलट केलं आणि मध्येच भाव हलला तर हेज महाग पडतो आणि माणूस तो घ्यायचाच सोडून देतो.

दुसरं, शंभराच्या पटीतले स्ट्राइक बघतो. पन्नासच्या अंतराने स्ट्राइक असतात, पण गर्दी गोल आकड्यांना असते. 6,550 ला कोणी नसेल तर 6,600 ला असतो, किंवा 6,500 ला.

तिसरं वेळेचं. सकाळी अकराला क्रूडचे दूरचे ऑप्शन बघून निराश होऊ नका. आपल्याकडे सगळी उलाढाल संध्याकाळी सहा-सातनंतर, अमेरिका जागी झाल्यावर. तेव्हा फट अर्ध्यावर येते.

शिवाय हेजचे 28 रुपये मोजताना सुटलेलं मार्जिनही मोजा. उघड्या विक्रीला जेवढं अडकतं त्याच्या बऱ्याच खाली येतं. परतावा प्रीमियमवर न काढता अडकलेल्या पैशावर काढला तर छत्तीस टक्क्यांची झळ तेवढी राहत नाही. फक्त एक पथ्य: सुटलेल्या मार्जिनवर आणखी लॉट घ्यायचे नाहीत. घेतले तर हेज असून नसल्यासारखा.

तासगावची_बाग

कराडचे दादा, 'आधी घ्या, मग विका' हे मला त्या ग्रुपने एकदाही सांगितलं नाही.

मी सध्या काही करत नाही. पण खातं बंदही केलेलं नाही. क्रूडचा छोटा दहा बॅरलचा करार असतो असं ऐकलं, त्यात शिकता येईल का?

हरिपूररोड (धागाकर्ता)

फ्युचर शिकायला येईल ताई, पण त्यात तोट्याला कड नसते, दहा बॅरल का असेनात. घाई नको. तुमची छाटणी, फवारणी सुरू असते त्या महिन्यांत तर मुळीच नको. फोन घरी ठेवून बागेत जाता येईल असाच सौदा तुमचा. ते जमत नसेल तर सौदा नाही.

विटा_गलाई

दादा, तीन दिवस विचार केला. काल संध्याकाळी सातला बसलो. 6,600 चा कॉल, बिड 9, आस्क 16. मध्ये 12 ला ऑर्डर लावली. चाळीस मिनिटं कोणी हललं नाही. मग 12.50 केली, मिळाला. त्यानंतर 6,300 चा विकला. पुटच्या बाजूला 4,600 ला फट फारच मोठी होती म्हणून ती बाजू केलीच नाही. एका बाजूचाच सौदा आहे, एकच लॉट.

रात्री साडेअकराला फोन बंद करून झोपलो.

हरिपूररोड (धागाकर्ता)

बरोबर केलंत. पुटची बाजू आज आकडा येऊन गेल्यावर परत बघा, 4,500 ला बहुतेक मिळेल. न मिळाली तर राहू दे.